रॉसीचं सर्किट

फ्लॉरेन्स शहराच्या दक्षिणेला आर्चेत्री नावाची टेकडी आहे. गॅलिलिओने आयुष्याची शेवटची वर्षं तिथेच नजरकैदेत काढली. १९२९ साली त्याच टेकडीवर, विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेत, ब्रुनो रॉसी नावाचा चोवीस वर्षांचा व्हेनिसचा मुलगा सहायक म्हणून नोकरी करत होता. संस्थेकडे पैसा बेताचा, उपकरणं त्याहून बेताची. संचालक अंतोनिओ गार्बासो शहराचा महापौर राहिलेला वजनदार माणूस, पण तरुणांच्या कामात तो लुडबुड करत नसे. शिवाय जिल्बेर्तो बेर्नार्दिनी, जुझेप्पे ऑक्यालिनी अशी हुशार मंडळी सोबतीला होती. रॉसीकडे कमी होती ती एकाच गोष्टीची. आयुष्य घालवावं असा प्रश्न त्याला अजून सापडला नव्हता.

त्या वर्षीच्या शरदात एका जर्मन नियतकालिकाच्या अंकात वाल्टर बोथे आणि वेर्नर कोलहोर्स्टर यांचा लेख आला आणि रॉसीला तो प्रश्न मिळाला.

लेख वैश्विक किरणांबद्दल होता. १९१२ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाचा व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरहून उंच गेला होता. जसजसं वर जावं तसतसा अदृश्य किरणांचा मारा वाढतो, अर्थात तो जमिनीतून नव्हे तर वरून येतो, असं त्याने दाखवलं. मात्र हे किरण आहेत तरी काय, हे पुढची सतरा वर्षं कुणाला ठरवता आलं नाही. अमेरिकेत रॉबर्ट मिलिकन या नोबेलविजेत्याचा शब्द शेवटचा मानला जाई. हे अतिशय ऊर्जावान गॅमा किरण आहेत, अंतराळात हायड्रोजनपासून जड अणू तयार होताना ते बाहेर पडतात, असं त्याचं म्हणणं. त्यांना तो नवजात अणूंचा पहिला टाहो म्हणायचा. कल्पना देखणी होती आणि ती खोडून काढायला कुणाकडे साधन नव्हतं. इलेक्ट्रोस्कोपवरचा विद्युतभार किती वेळात ओसरला एवढंच मोजता येई. कित्येक तासांत एकूण किती मारा झाला ते त्यातून कळे. एकेका किरणाबद्दल काहीच कळत नसे.

१९२८ मध्ये हान्स गायगर आणि त्याचा विद्यार्थी वाल्टर म्युलर यांनी कील इथे नवा काउंटर बनवला. धातूच्या नळीत कमी दाबाचा वायू, मधोमध एक बारीक तार, आणि तार व नळी यांच्यात हजारेक व्होल्टचा फरक. एखादा विद्युतभारित कण नळीतून गेला की वायूत ठिणगीसारखं विसर्जन होतं आणि तारेवर विजेचा एक स्पंद उमटतो. बोथे आणि कोलहोर्स्टर यांनी असे दोन काउंटर एकावर एक ठेवले, तेव्हा दोन्हींत एकाच क्षणी उमटणारे स्पंद दिसू लागले. गॅमा किरणाला हे सहज जमणारं नव्हतं, कारण त्याला वरच्या नळीजवळ एक इलेक्ट्रॉन उडवावा लागेल आणि खालच्या नळीजवळ पुन्हा दुसरा. दोन्ही नळ्यांतून एकच भारित कण आरपार गेला असं मानणं जास्त सोपं होतं. मग त्यांनी मधे ४.१ सेंटिमीटर जाडीचा सोन्याचा ठोकळा ठेवला. तरीही सुमारे ७६ टक्के जोड-स्पंद टिकून राहिले. इतकं सोनं भेदून जाणारे भारित कण तोवर कुणाला ठाऊक नव्हते, आणि मिलिकनचे गॅमा किरण पहिल्यांदाच अडचणीत आले.

रॉसीने या प्रयोगात दोन गोष्टी हेरल्या. पहिली म्हणजे त्यातलं घबाड. दुसरी म्हणजे त्यातली ढिलाई. बर्लिनच्या या जोडीने प्रत्येक काउंटरला एक इलेक्ट्रोमीटर जोडला होता. त्याच्या धाग्याची थरथर सरकत्या फिल्मवर टिपायची आणि नंतर फिल्म डोळ्यांनी तपासून कुठल्या दोन थरथरी जोडीने आल्या ते शोधायचं, अशी ती पद्धत. काम वेळखाऊ होतंच, पण खरा दोष वेगळा होता. फिल्मवर एकाच वेळी झालेल्या वाटणाऱ्या दोन घटना प्रत्यक्षात सेकंदाच्या शंभराव्या भागाने पुढेमागे असू शकत. सेकंदाचा शंभरावा भाग कणांच्या हिशोबात फार मोठा.

रॉसीने रेडिओचे व्हॉल्व्ह हाती घेतले. प्रत्येक काउंटरसाठी एक ट्रायोड. त्यात तापलेल्या तंतूकडून प्लेटकडे इलेक्ट्रॉनांचा प्रवाह वाहतो आणि मधली ग्रिड नावाची जाळी ऋण झाली की तो तुटतो. रॉसीने प्रत्येक काउंटरची तार आपापल्या ट्रायोडच्या ग्रिडला जोडली. सगळ्या ट्रायोडच्या प्लेटी मात्र एकत्र बांधल्या आणि त्यांना बॅटरीतून एकाच मोठ्या रोधामार्फत वीज पुरवली. एरवी सगळे व्हॉल्व्ह चालू असतात, त्यामुळे रोधावर व्होल्टेज खर्च होतं आणि प्लेटींचा सामाईक बिंदू खाली दबलेला राहतो. एका काउंटरमधून कण गेला की त्याचा व्हॉल्व्ह क्षणभर बंद होतो. पण बाकीचे चालूच असल्याने सामाईक बिंदू जेमतेम हलतो. सगळेच्या सगळे एकाच क्षणी बंद पडले तरच तो बिंदू एकदम उसळी घेतो, आणि ती उसळी मोजणीयंत्राला कळते. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची. एकटी कुठलीच चालत नाही. रॉसीच्या लॉकरला हव्या तितक्या चाव्या लावता येत होत्या.

खरी मेख या ‘हव्या तितक्या’मध्ये होती. समजा प्रत्येक काउंटर सेकंदाला दहा वेळा वाजतो आणि सर्किटला सेकंदाच्या हजाराव्या भागातला फरक कळत नाही. दोनच काउंटर असतील तर निव्वळ योगायोगाने मिनिटाला बारा खोट्या जोड्या मोजल्या जातील. तिसरा काउंटर जोडला की योगायोगाने जमणारी त्रिकुटं तासाला दहा-अकरावर येतात. खरा कण तिन्हींतून सरळ जातो, त्याची मोजणी फारशी घटत नाही. गोंगाट मात्र जवळपास नाहीसा होतो. जास्त जाडीचं शिसं किंवा अधिक चांगले काउंटर यांनी हे साधलं नसतं.

१९३० च्या एप्रिलमध्ये ‘नेचर’मध्ये रॉसीचं छोटंसं पत्र छापून आलं. साधारण त्याच सुमारास बोथेनेही व्हॉल्व्हवर चालणारं जोड-सर्किट प्रसिद्ध केलं होतं, पण ते दोन ग्रिडच्या एकाच व्हॉल्व्हवर बेतलेलं असल्याने दोन काउंटरांपुरतंच होतं. जगभरच्या प्रयोगशाळांनी उचललं ते रॉसीचं. पहिलं कोण यावर दोघांत कधी कटुता आली नाही. त्याच उन्हाळ्यात रॉसी बर्लिनला बोथेच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिला.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९३१ मध्ये, रोमला अणुकेंद्रावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. वैश्विक किरणांवर प्रास्ताविक भाषण करायला आयोजकांपैकी एन्रिको फर्मीने रॉसीला सांगितलं. समोर बोर, हायझेनबर्ग, मारी क्युरी, आर्थर कॉम्प्टन आणि खुद्द मिलिकन. सव्वीस वर्षांच्या रॉसीने मिलिकनच्या सिद्धान्ताचा एकेक खांब शांतपणे काढून घेतला. मिलिकनला ते रुचलं नाही, हे सांगायला नकोच. कॉम्प्टनने मात्र पुढे रॉसीला सांगितलं की वैश्विक किरणांकडे आपण वळलो ते त्या भाषणामुळे. पुढच्याच वर्षी कॉम्प्टनने जगभर मोजमापांची मोहीम काढली. किरणांचा मारा विषुववृत्ताकडे कमी होतो, म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना वळवतं, म्हणजे ते भारित आहेत, अशी साखळी त्यातून पक्की झाली.

दरम्यान आर्चेत्रीत रॉसीने काउंटरांमध्ये मीटरभर शिसं भरलं. तरीही तिहेरी ठोके पडत राहिले, म्हणजे एवढं शिसं पार करणारे कण समुद्रसपाटीपर्यंत येत होते. दुसरा प्रयोग याहून चमत्कारिक. त्याने तीन काउंटर त्रिकोणात मांडले, म्हणजे कुठलाही एक कण सरळ रेषेत तिन्हींतून जाऊच शकणार नाही. भोवती शिशाचं आवरण. शून्याच्या आसपास मोजणी यायला हवी होती. ती भरघोस आली. वरचं शिसं काढलं की उतरायची, ठेवलं की चढायची. शिशाची जाडी दीड-दोन सेंटिमीटर होईपर्यंत ती वाढत जाई आणि पुढे कमी होई. म्हणजे शिशात शिरलेला एक कण तिथेच अनेक कणांना जन्म देत होता. हे इतकं अविश्वसनीय वाटलं की एका जर्मन नियतकालिकाने लेख परत पाठवला. हायझेनबर्गने रॉसीच्या विश्वासार्हतेची हमी दिली, तेव्हा कुठे तो दुसरीकडे छापला गेला.

या कणवर्षावाचं कोडं सोडवणाऱ्यांत एक नाव मुंबईचं आहे. केंब्रिजला शिकलेल्या होमी भाभांनी १९३७ मध्ये वाल्टर हाइटलरसोबत त्याचं गणित मांडलं. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना गॅमा किरण सोडतो, त्या किरणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (धनभारित इलेक्ट्रॉन) ही जोडी निर्माण होते, ती पुन्हा किरण सोडते, आणि ऊर्जा वाटली जाऊन संपेपर्यंत हे चालतं. शिशाच्या जाडीबरोबर चढून उतरणारा रॉसीचा आलेख या गणितात बसला.

रॉसीचं सर्किट केंब्रिजला पोचलं त्याची हकिकत सांगण्यासारखी आहे. १९३१ च्या उन्हाळ्यात ऑक्यालिनी तीन महिन्यांसाठी कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेला आणि तीन वर्षं राहिला. तिथे पॅट्रिक ब्लॅकेट मेघकक्षावर काम करत होता. मेघकक्षातली दमट हवा झटकन प्रसरण पावली की कणाच्या वाटेवर बाष्पाचे थेंब जमतात आणि त्या रेषेचं छायाचित्र घेता येतं. अडचण अशी, की प्रसरण कधी करायचं ते प्रयोगकर्त्याने आपल्या मनाने ठरवायचं आणि कण तर आपल्या वेळेला येणार. बहुतेक छायाचित्रं कोरी निघत. ब्लॅकेटकडे मेघकक्षाचं कसब होतं, ऑक्यालिनीकडे रॉसीचं सर्किट. त्यांनी कक्षाच्या वर एक आणि खाली एक काउंटर ठेवला. दोन्ही एकदम वाजले की सर्किटच प्रसरण घडवून आणायचं. कण निघून गेलेला असला तरी त्याने मागे ठेवलेले आयन क्षणभर जागेवर असतात, तेवढा वेळ पुरे होता. आता कण स्वतःच स्वतःचं छायाचित्र काढून घेऊ लागला.

ऑक्यालिनीने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, पहिल्यांदा कक्ष चालवला त्या शनिवारी सकाळी ब्लॅकेट पाणी निथळणाऱ्या चार काचा उंचावत डार्करूममधून बाहेर धावला. प्रत्येकीवर एक, प्रत्येकीवर एक, असं तो अख्ख्या कॅव्हेंडिशला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडत होता. ब्लॅकेट एरवी अबोल, करड्या शिस्तीचा माजी नौदल अधिकारी.

पॉझिट्रॉन म्हणजे धनभारित इलेक्ट्रॉन. तो कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसनने ऑगस्ट १९३२ मध्ये आधीच टिपला होता. पण १९३३ च्या सुरुवातीला ब्लॅकेट आणि ऑक्यालिनी यांनी दाखवलेली छायाचित्रं एकेकट्या रेषेची नव्हती. एका बिंदूतून फुटणारे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांचे फवारे त्यांत होते, आणि पॉझिट्रॉन जोडीनेच जन्मतो, ही पॉल डिरॅकच्या इलेक्ट्रॉनविषयीच्या सिद्धान्ताशी जुळणारी गोष्ट त्यांतून उघड झाली. ब्लॅकेटला १९४८ चं नोबेल मिळालं, ऑक्यालिनीला नाही. बोथेला कॉइन्सिडन्स, म्हणजे एकाच क्षणी उमटणारे स्पंद टिपण्याच्या पद्धतीसाठीच १९५४ चं नोबेल मिळालं, रॉसीला कधीच नाही. पदार्थविज्ञानाच्या इतिहासात कणांना जन्मतारखा असतात, सर्किटांना नसतात. माझ्या मते हा विसराळूपणा नाही, मोजमापाकडे पाहण्याची ती जुनी खोड आहे: शोध ‘दिसणाऱ्याचा’ मानायचा, दाखवणाऱ्याचा नाही.

१९३२ साली रॉसीला पादुआ विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं. १९३३ मध्ये सेर्जिओ दे बेनेदेत्ती या सहकाऱ्याला घेऊन तो एरिट्रियात अस्माराला गेला. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे विषुववृत्ताजवळ पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणाऱ्या किरणांत फरक दिसायला हवा, हे त्याचंच भाकीत होतं. पश्चिमेकडून जास्त कण आले. मूळचे कण बहुतांशी धनभारित आहेत असा त्याचा अर्थ. पण मेक्सिकोत मोजणी करणाऱ्या अमेरिकनांनी हाच निष्कर्ष काही महिने आधी छापून टाकला होता.

अस्मारात जे अनपेक्षित सापडलं ते त्याहून मोलाचं ठरलं. खोट्या जोड्या किती पडतात हे तपासायला रॉसीने काउंटर एकमेकांपासून लांब, एकाच पातळीत ठेवले होते. एक कण दोन्हींतून जाण्याचा प्रश्नच नव्हता, तेव्हा जे मोजलं जाईल ते योगायोगाचं. ही तर निव्वळ पडताळणी. पण योगायोगाच्या हिशोबापेक्षा ठोके जास्त पडले. कणांचे विस्तीर्ण वर्षाव दूरदूरच्या काउंटरांवर एकाच वेळी कोसळत असावेत, असं त्याने अहवालात नोंदवलं. पाठपुरावा करायला मात्र त्याला वेळ मिळाला नाही. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये पिएर ओझेने हे वर्षाव स्वतंत्रपणे शोधले आणि त्यांना त्याचंच नाव चिकटलं.

रॉसीचा वेळ गेला तो पादुआला नवी भौतिकशास्त्र संस्था बांधण्यात. १९३७ मध्ये इमारत उभी राहिली. १९३८ च्या सप्टेंबरात मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदी कायदे आणले आणि ज्यू असल्याने रॉसीला त्याच इमारतीतून काढलं गेलं. त्याच वर्षीच्या वसंतात त्याचं नोरा लोम्ब्रोझोशी लग्न झालं होतं. दोघं आधी कोपनहेगनला बोरकडे आणि तिथून मँचेस्टरला ब्लॅकेटकडे गेले. मँचेस्टरला लुडविग यानोशीबरोबर त्याने सर्किट उलटं चालवलं: हे काउंटर वाजावेत आणि तो मात्र वाजू नये, तरच नोंद. विद्युतभार नसलेला फोटॉन असाच पकडता येतो, कारण वरचा काउंटर त्याला ओळखत नाही.

जून १९३९ मध्ये रॉसी शिकागोला पोचला. पोचल्यावर लगेचच कॉम्प्टनने त्याला कोलोरॅडोच्या डोंगरांत धाडलं. वातावरणातून खाली येता येता काही कण हरवतात. ते हवेत अडतात की मधेच विघटन पावतात, हा वाद होता. ज्याला आज आपण म्युऑन म्हणतो त्या कणाचा हा प्रश्न. एका जुन्या बसमध्ये काउंटर, शिसं आणि ग्रॅफाइट लादून मंडळी सुमारे ४३०० मीटर उंचीच्या माउंट इव्हान्सवर गेली. हवेइतकंच वजन असलेला ग्रॅफाइटचा थर जितके कण अडवतो, त्याहून जास्त कण हवेच्या उंच स्तंभात नाहीसे होतात असं दिसलं. ग्रॅफाइटमधून जायला क्षणही लागत नाही, हवेतून यायला वेळ लागतो. त्या वेळात कण मरतात. पुढच्या मोजमापांत वेगवान म्युऑन संथ म्युऑनांपेक्षा जास्त जगतात हेही दिसलं. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार वेगात काळ मंदावतो, त्याचा हा एक सुरुवातीचा सरळ पुरावा.

पुढे कॉर्नेल विद्यापीठात रॉसीने नॉरिस नेरेसन या विद्यार्थ्याबरोबर म्युऑनचं आयुष्य थेट मोजायला घेतलं. प्रश्न मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागांचा होता. त्यांचं सर्किट असं: म्युऑन येऊन थांबला की एका कॅपॅसिटरमध्ये ठरावीक दराने विद्युतभार साठू लागतो, आणि म्युऑनच्या विघटनातून इलेक्ट्रॉन बाहेर पडला की साठणं थांबतं. जितका भार, तितकं आयुष्य. उत्तर आलं २.१५ मायक्रोसेकंद, ०.०७ इतकं कमी-जास्त धरून. आजचा स्वीकृत आकडा २.२ च्या किंचित खाली आहे. हे काम छापून आलं १९४३ मध्ये, आणि त्याच वर्षी रॉसी अणुबॉम्बच्या कामासाठी लॉस अलामोसला गेला. तिथे हान्स श्टाउबसोबत त्याने उपकरणांचा गट सांभाळला. जुलै १९४५ मधल्या पहिल्या अणुचाचणीत साखळी प्रक्रिया किती वेगाने वाढते हे मोजणारी यंत्रणा त्याचीच होती. वैश्विक किरणांसाठी घडवलेलं वेगवान इलेक्ट्रॉनिक्स असं बॉम्बच्या कामी आलं. युद्धानंतर तो एमआयटीत स्थिरावला आणि क्ष-किरण खगोलशास्त्राकडे वळला.

त्याची पद्धत मात्र जगभर पसरत राहिली. भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ कोलार सोनखाणीत काउंटर घेऊन उतरले. १९६५ मध्ये ओसाका आणि डरहॅम इथल्या सहकाऱ्यांसह त्यांनी सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर यंत्रणा मांडली. वरून येणारे म्युऑन एवढ्या खडकात जवळजवळ सगळेच अडतात. समोरासमोरच्या सिंटिलेटरांनी, म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या पट्ट्यांनी, एकाच वेळी संकेत दिले तरच निऑनच्या नळ्यांना उच्च व्होल्टेज मिळून कणाची वाट उजळायची. आडव्या दिशेने गेलेल्या मोजक्या वाटा अशा उमटल्या. वातावरणात जन्मलेल्या आणि जवळजवळ कशानेच न अडणाऱ्या न्यूट्रिनोंनी खडकात निर्माण केलेले ते म्युऑन. नैसर्गिक न्यूट्रिनोंच्या जगातल्या पहिल्या नोंदींत त्यांची गणना होते.

जिनिव्हाजवळच्या सर्नच्या मोठ्या यंत्रात आता सेकंदाला चार कोटी वेळा प्रोटॉनचे पुंजके एकमेकांतून जातात. टाटा संस्था ज्यात सहभागी आहे त्या सीएमएस प्रयोगात इलेक्ट्रॉनिक्सची पहिली चाळणी त्यांतल्या सुमारे एक लाख घटना ठेवते. व्हॉल्व्ह जाऊन सिलिकॉन आलं, पण ‘हे आणि हे आणि हे एकदम घडलं का’ हा प्रश्न तोच राहिला. बाकीच्या घटना क्षणार्धात कायमच्या पुसल्या जातात. काय शोधायचं ते आधी ठरवल्याशिवाय चाळणी लावता येत नाही, आणि जे आधी ठरवलं नाही ते चाळणीतून गळून जातं. अस्मारात रॉसीने पडताळणीची मोजणी बाजूला टाकली असती, तर दूरदूरच्या ठोक्यांकडे त्याचं लक्ष गेलं नसतं. म्हणून आजच्या प्रयोगांत काही मोजक्या घटना कुठलीही निवड न लावता, केवळ घड्याळाच्या ठोक्यावर, मुद्दाम नोंदवून ठेवतात.